मायनर थ्रेट: तीन वर्षांची कारकीर्द, २६ गाणी आणि त्यामागची कामाची रीत

तबकडी (मूळ लेख)

मायनर थ्रेट या वॉशिंग्टन डी.सी.मधील हार्डकोअर पंक (रॉक संगीताचा अतिवेगवान, आक्रमक प्रकार) बँडचे नाव निघाले की बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात. ही दारू-सिगारेटला हात न लावणारी मुले होती आणि त्यांच्या एका गाण्यावरून ‘स्ट्रेट एज’ नावाची चळवळ उभी राहिली. ही माहिती खरी आहे, पण गेली वीसेक वर्षे हे संगीत ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की तिच्या आड या मुलांचे मोठे काम झाकले जाते. त्यांनी तबकड्या कशा काढल्या, किती किमतीला विकल्या आणि कार्यक्रमाच्या दारातून कोणाला आत घेतले, ही त्यांची रीत त्यांच्या व्रतापेक्षा फार दूरवर पोहोचली. त्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात बँडच्या जन्माआधीपासून करावी लागेल. जॉर्जटाउन विद्यापीठाने आपले डब्ल्यूजीटीबी हे नभोवाणी केंद्र १९७९च्या सुरुवातीला बंद केले आणि त्याचा परवाना अवघ्या एका डॉलरला दुसऱ्या विद्यापीठाला देऊन टाकला. शहरात पंक संगीत ऐकायला मिळण्याची ती एक महत्त्वाची जागा होती. त्या केंद्राच्या मदतीसाठी ३ फेब्रुवारी १९७९ रोजी द क्रॅम्प्स या बँडचा कार्यक्रम ठेवण्यात आला, आणि तो पाहायला आलेल्या तुडुंब गर्दीत सोळा वर्षांचा इयन मकाय होता. त्याने पाहिलेला हा पहिला पंक कार्यक्रम. त्याच वर्षी त्याने विल्सन हायस्कूलमधील मित्रांबरोबर टीन आयडल्स नावाचा बँड काढला; त्यात तो बास गिटार वाजवत असे आणि जेफ नेल्सन ड्रम्स वाजवत असे.

ऑगस्ट १९८०मध्ये ही मुले बसने कॅलिफोर्नियापर्यंत गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्स या क्लबात दारू पिण्याचे वय न झालेल्यांच्या हातावर काळी फुली काढून त्यांना आत सोडत, म्हणजे बारवाल्याला दुरूनच कळावे की या हाताला पेला द्यायचा नाही. मुलांनी ही कल्पना घरी आणली आणि नुकत्याच सुरू झालेल्या ९:३० क्लबच्या चालकांपुढे ठेवली. आमच्या हातावर फुल्या काढा, फुली असलेल्याने दारू मागितली तर खुशाल हाकलून द्या, पण आम्हाला संगीत ऐकू द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. फुलीचा उगम असा दाराशी आहे. तिचे प्रतिज्ञेत रूपांतर नंतर झाले, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हाच आहे.

टीन आयडल्स वर्षभरात फुटला. कार्यक्रमांतून मिळालेले पैसे त्यांनी कधीच वाटून घेतले नव्हते, एकत्र साठवले होते. बँड मोडताना आता हे काहीशे डॉलर वाटून घ्यावेत की त्यातून आपल्या गाण्यांची तबकडी काढावी, असा प्रश्न आला, तेव्हा मुलांनी तबकडी निवडली. ‘मायनर डिस्टर्बन्स’ नावाची आठ गाण्यांची ती ७ इंची तबकडी डिसेंबर १९८०मध्ये निघाली, प्रती १,०००. मुखपृष्ठावर छातीशी ओलांडून धरलेले दोन हात आणि त्यांवर काळ्या फुल्या आहेत. ज्या बँडची ती तबकडी होती तो तेव्हा अस्तित्वातही नव्हता, पण ती काढण्यासाठी स्थापन केलेली डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही संस्था आज चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

त्या तबकडीचे वेष्टन कसे झाले ते मला नेहमी सांगावेसे वाटते. छापखान्यात तयार वेष्टने बनवून घेणे मुलांना परवडणारे नव्हते. त्यांनी एका इंग्रजी ७ इंची तबकडीचे वेष्टन डिंकाच्या जोडांवरून अलगद सोडवले, सपाट पसरले आणि कागदावर त्याचा आराखडा गिरवून घेतला. त्या मापाने सपाट कागद छापून आणले आणि मग मित्रमंडळी जमवून कात्रीने कापायचे, घडी घालायची, कडा चिकटवायच्या, असे एकेक वेष्टन हाताने तयार केले. पुढच्या तबकड्यांनाही बराच काळ हेच करावे लागले. पोटासाठी आइस्क्रीमच्या दुकानात नाही तर चित्रपटगृहात काम करायचे आणि उरलेल्या वेळात वेष्टने चिकटवायची, असा त्यांचा दिनक्रम असे.

मायनर थ्रेटचा पहिला कार्यक्रम डिसेंबर १९८०मध्ये एका घराच्या तळघरात झाला. मकाय आता गायक झाला होता, ड्रम्सवर नेल्सन, गिटारवर लाइल प्रेस्लर आणि बासवर पंधरा वर्षांचा ब्रायन बेकर. आर्लिंग्टनमध्ये डॉन झिएंटारा यांनी स्वतःच्या घरात थाटलेल्या इनर इअर स्टुडिओत १९८१च्या वसंतात आठ गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि जूनमध्ये बँडच्याच नावाने त्यांची तबकडी निघाली. त्याच वर्षाअखेरीस ‘इन माय आइज’ ही चार गाण्यांची दुसरी तबकडी आली. पहिल्या तबकडीवरचे ‘स्ट्रेट एज’ हे गाणे जेमतेम पाऊण मिनिटाचे आहे. त्यात एक मुलगा सांगतो की नशेत वेळ घालवण्यापेक्षा मला करण्यासारखे बरेच काही आहे. तो स्वतःविषयी बोलतो, इतरांना काही करायला सांगत नाही.

घोटाळा पुढच्या गाण्याने झाला. ‘आउट ऑफ स्टेप’मध्ये धूम्रपान, मद्यपान आणि बेफिकीर शरीरसंबंध या तिन्हींना नकार आहे, पण गाताना कर्ता गाळला आहे. इंग्रजीत कर्ता गाळला की तेच शब्द ‘मी पीत नाही’ असेही ऐकू येतात आणि ‘पिऊ नका’ असेही. मराठीत ही पंचाईत होत नाही, कारण आपले क्रियापदच कोण बोलतो आहे आणि कोणाला बोलतो आहे ते सांगून टाकते. जेफ नेल्सनला ही संदिग्धता खटकली आणि त्याने ‘मी’ स्पष्ट असावा असा आग्रह धरला. छापील शब्दांत तो कंसात आलाही. १९८३मध्ये हे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले तेव्हा मकायने मध्येच गाणे थांबवल्यासारखे करून साध्या बोलण्याच्या आवाजात खुलासा केला की ही नियमावली नाही. पण तोवर बॉस्टनसारख्या शहरांत नियमावली मानणाऱ्यांचे गट तयार झाले होते.

मधल्या काळात बँड एकदा मोडला होता. १९८१च्या अखेरीस प्रेस्लर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकायला गेला आणि सगळे थांबले. काही महिन्यांनी तो परतला, वॉशिंग्टनच्याच बॅड ब्रेन्स या बँडच्या एच.आर. या गायकाने या मुलांना पुन्हा उभे राहा असे बजावले आणि १९८२च्या वसंतात बँड सुरू झाला. बेकर दुसऱ्या गिटारवर सरकला आणि बासवर स्टीव्ह हॅन्सगेन आला. एप्रिल १९८३मध्ये ‘आउट ऑफ स्टेप’ ही १२ इंची तबकडी निघाली. सिंथिया कॉनॉलीने काढलेल्या तिच्या मुखपृष्ठावर पांढऱ्या मेंढ्यांच्या कळपाकडे पाठ करून एक काळी मेंढी उडी मारून निघाली आहे.

या तबकडीला मागणी इतकी आली की संस्थाच अडचणीत सापडली. तबकड्या वितरकांकडे जात, दुकानांत विकल्या जात, पण पैसे परत यायला कित्येक महिने लागत आणि तोवर पुढची आवृत्ती काढायला गल्ल्यात काही नसे. छोट्या प्रकाशकाला आपल्याकडेही हे दुखणे ठाऊक आहे. पुस्तक खपत असते आणि छापखान्याची उधारी वाढत असते. इंग्लंडच्या सदर्न रेकॉर्ड्सच्या जॉन लोडर यांनी छपाईची जबाबदारी उचलली आणि तो संबंध पुढे वर्षानुवर्षे टिकला. बँड मात्र टिकला नाही. काही जणांना मोठ्या कंपन्यांची वाट खुणावत होती, संगीत कोणत्या दिशेने न्यावे यावर एकमत होत नव्हते, आणि सरावाला जमले की वादच होत. २३ सप्टेंबर १९८३ रोजी लॅन्सबर्ग कल्चरल सेंटरमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. डिसेंबरमध्ये शेवटचे ध्वनिमुद्रण झाले आणि ते १९८५मध्ये ‘सॅलड डेज’ या नावाने प्रकाशित झाले.

बँडची एकूण गाणी २६, आणि ती सगळी एका बैठकीत पाऊण तासाच्या आसपास ऐकून होतात. १९८९मध्ये डिस्कॉर्डने ती एकत्र उपलब्ध केली. ज्यांनी हे संगीत ऐकले आहे त्यांनी आपले मत जरूर लिहावे.

ढोलकीवाला

लेख अत्यंत वाचनीय आहे, तरीही एक तक्रार नोंदवतो. संपूर्ण लेखात वेष्टने, वितरक आणि उधारी यांविषयी भरपूर आहे, पण कानाला काय ऐकू येते याविषयी जवळजवळ काहीच नाही. गाणी कमअस्सल असती तर हाताने चिकटवलेल्या वेष्टनांची आठवण आज कोणी काढली असती, असे मला वाटत नाही.

हार्डकोअरचा वेग या मुलांना बॅड ब्रेन्सकडून मिळाला हे आधी सांगायला हवे. बॅड ब्रेन्स हे वॉशिंग्टनमधले चार कृष्णवर्णीय वादक होते. ते जॅझ-फ्यूजन वाजवत वाजवत पंककडे आले होते, त्यामुळे त्यांच्या वेगामागे खरी तालीम होती. मायनर थ्रेटच्या मुलांनी ते जवळून पाहिले आणि एक गोष्ट नेमकी उचलली: सगळ्यांनी एकाच क्षणी थांबायचे आणि एकाच क्षणी पुन्हा सुटायचे. मी स्वतः ताल वाजवणारा माणूस आहे, म्हणून सांगतो की वेगात वाजवण्यापेक्षा वेगात असताना एकत्र थांबणे कितीतरी कठीण असते. ‘इन माय आइज’ ऐकून पाहा. कडव्यात लय धिमी ठेवलेली आहे, समोरच्याची सबब मकाय जवळजवळ बोलल्यासारखी म्हणतो, आणि लगेच तिला दिलेले उत्तर दुप्पट जोराने अंगावर येते. धिम्या भागात नेल्सनने जागा मोकळी ठेवली आहे म्हणूनच तो स्फोट जाणवतो.

दुसरी गोष्ट गिटारची. या प्रकारच्या संगीतात बहुतेक गिटारवादक दोन-तीन तारांवर भागवतात, कारण त्या गतीला बोटे पोहोचत नाहीत. प्रेस्लर सहाही तारा दाबून पूर्ण स्वरसंगती वाजवत असे. त्यामुळे तळघरातल्या साध्या यंत्रणेवरही त्यांचा आवाज भरलेला ऐकू येतो, कर्कश होत नाही. झिएंटारा यांनी हे सगळे इतके स्वच्छ ध्वनिमुद्रित केले आहे की चाळीस वर्षांनंतरही प्रत्येक वाद्य वेगळे ओळखता येते.

पोटोमॅककाठी

मी गेली बावीस वर्षे उत्तर व्हर्जिनियात राहते. संगीतातले मला काही कळत नाही, पण फुलीचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले.

माझी मुलगी सोळा वर्षांची असताना मैत्रिणींबरोबर डी.सी.ला एका कार्यक्रमाला गेली होती. रात्री परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांच्या पाठींवर काळ्या मार्करने काढलेल्या मोठ्या फुल्या होत्या. मला धस्स झाले. कोणीतरी काहीतरी करायला लावले असेल, नाही तर ही एखाद्या टोळीची खूण असेल, असे वाटून मी तिला दारातच उभी करून प्रश्न विचारायला लागले. ती शांतपणे म्हणाली, “आई, ही मला दारू द्यायची नाही म्हणून काढलेली खूण आहे. ही नसती तर मला आत सोडलेच नसते.” फुल्या साबणाने निघाल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी ती तशीच शाळेत गेली.

ही पद्धत या शहरात इतक्या जुन्या काळी आणि वयाने तिच्याएवढ्याच मुलांनी आणली, हे मला आज कळले. आमच्या घरापासून आर्लिंग्टन वीस मिनिटांवर आहे. डी.सी.च्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४पासून या शहराच्या पंक संगीताचा संग्रह जपायला घेतला आहे, आणि मार्टिन ल्यूथर किंग ग्रंथालयात त्या काळची हस्तपत्रके, हाताने काढलेली छोटी मासिके आणि ध्वनिमुद्रणे पाहायला मिळतात. मुलीच्या आग्रहावरून एकदा गेले होते, पण तेव्हा काय पाहते आहे हे समजले नव्हते. आता पुन्हा जाईन.

तबकडी

ढोलकीवाला, तुमची तक्रार मान्य आहे. मी ध्वनीविषयी लिहायला बिचकलो, कारण त्यासाठी लागणारी जाण माझ्याकडे नाही. ‘एकत्र थांबणे’ हे तुम्ही सांगितल्यावर मी पहिली तबकडी पुन्हा लावली आणि ‘फिलर’ या पहिल्याच गाण्यात ते ऐकू आले.

पोटोमॅककाठी, तुमच्या मुलीचे ते एक वाक्य माझ्या संपूर्ण लेखाहून नेमके आहे. बहुतेक शहरांत हे संगीत बारमध्ये वाजत असे आणि बारचे पोट दारूवर चालत असे, त्यामुळे ज्यांच्यासाठी ते संगीत होते त्यांनाच दाराबाहेर थांबावे लागे. सर्व वयांच्या श्रोत्यांना प्रवेश, हा मायनर थ्रेटचा आणि पुढे मकायच्या प्रत्येक बँडचा आग्रह त्यातून आला.

उंबरठा

चर्चा चांगली चालली आहे, म्हणूनच एक अवघड विषय मांडते. या बँडचे ‘गिल्टी ऑफ बीइंग व्हाइट’ हे गाणे आपण गृहीत धरून पुढे जाऊ नये.

पार्श्वभूमी अशी आहे की १९८०मध्ये वॉशिंग्टनच्या लोकसंख्येत सुमारे ७० टक्के लोक कृष्णवर्णीय होते. मकाय ज्या सरकारी शाळेत शिकला तिथेही गोरी मुले अल्पसंख्य होती, आणि आपण न केलेल्या पापांसाठी आपल्याला मार खावा लागतो, ही त्याची तक्रार त्या गाण्यात आहे. आपण ते वंशवादाच्या विरोधात लिहिले, असे तो सातत्याने सांगत आला आहे. त्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला शाळेच्या पटांगणात जे दिसते ते त्या पटांगणापुरते खरे असते. त्याच शहराबाहेर पडले की सत्ता कोणाच्या हाती आहे हे चित्र पूर्ण उलटे होते, आणि गाणे तर शहराबाहेर पडणारच. तसे झालेही. स्लेअर या बँडने १९९६मध्ये हे गाणे गाताना शेवटच्या ओळीतला एक शब्द बदलून ‘गोरा’च्या जागी ‘बरोबर’ अशा अर्थाचा शब्द घातला. मकायला ते अतिशय आक्षेपार्ह वाटले. एका शब्दाने एवढे उलटू शकते, ते गाणे मुळातच डळमळीत होते असे माझे मत आहे.

तबकडी

उंबरठा, आपण हे लिहिलेत ते बरे झाले. मूळ लेखात मी हे गाणे टाळले, ते टाळायला नको होते. आपला निष्कर्ष मला मान्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की शहराच्या दोन संगीतांमधली भिंत या मुलांना दिसत होती. त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमात टेक्सासच्या बिग बॉइजबरोबर ट्रबल फंक हा गो-गो बँडही होता. गो-गो हे वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांचे स्वतःचे नृत्यसंगीत. ते आणि पंक एकाच शहरात शेजारी वाढत होते, पण श्रोते सहसा एकमेकांच्या कार्यक्रमांना जात नसत. एका संध्याकाळने त्या गाण्याची भरपाई होते असे मी म्हणणार नाही, पण ही नोंद असावी.

सायंदीप

मी या विषयाकडे अगदी वेगळ्या वाटेने आलो. शाळेत असताना टीव्हीवर कुस्ती पाहायचो, त्यात सीएम पंक नावाचा मल्ल मनगटाच्या पट्ट्यांवर फुल्या काढून यायचा आणि आपण स्ट्रेट एज असल्याचे सांगायचा. त्या शब्दाचा शोध घेत मी मायनर थ्रेटपर्यंत पोहोचलो. आमचे घर माळकरी. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि मांस-मद्य घरात कधी आले नाही. त्यामुळे ‘मी पीत नाही’ असे ठामपणे सांगणारे अमेरिकेतले संगीत ऐकून मला परके वाटले नाही. महाविद्यालयात ‘एक घोट घेतल्याने काय होते’ असे म्हणणाऱ्या मित्रांच्या घोळक्यात या गाण्यांनी मला खरोखर आधार दिला. म्हणून धागालेखक व्रताला दुय्यम ठरवतात तेव्हा मला ते पटत नाही.

या व्रताचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात कनेटिकट-न्यूयॉर्ककडच्या यूथ ऑफ टुडे या बँडने त्यात शाकाहाराची भर घातली. त्यांचा गायक रे कॅपो पुढे कृष्णभक्त झाला, इस्कॉनचे व्रतस्थ जीवन त्याने स्वीकारले आणि शेल्टर नावाच्या बँडमधून भक्तीचा विषय हार्डकोअरमध्ये आणला. इस्कॉनचे चार नियम म्हणजे मांसाहार नाही, नशा नाही, जुगार नाही, विवाहबाह्य संबंध नाहीत. मकायच्या तीन नकारांशेजारी हे चार ठेवून पाहिले की त्या मुलांना वृंदावनची वाट ओळखीची का वाटली असेल हे कळते. १९९०च्या दशकात सिराक्यूजच्या अर्थ क्रायसिस या बँडने प्राणिजन्य पदार्थ संपूर्ण वर्ज्य करण्यापर्यंत हा विचार नेला. पाऊण मिनिटाच्या एका गाण्यातून एवढे निघाले, तर त्याला मोठे काम म्हणायला नको का?

तबकडी

सायंदीप, तुम्हाला त्या गाण्यांनी आधार दिला हे वाचून मी माझे वाक्य थोडे मागे घेतो. घोळक्यात एकट्याने ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाला पाठीशी कोणीतरी हवे असते, आणि हे गाणे जगभर अनेकांच्या पाठीशी उभे राहिले आहे.

तरी माळेच्या तुलनेबाबत एक फरक मांडू द्या. माळ घालणारा एका परंपरेत प्रवेश करतो, गुरूच्या साक्षीने नियम स्वीकारतो, आणि ते नियम त्याच्या आधी शेकडो वर्षे होते. मकाय कोणत्याही परंपरेत शिरत नव्हता. आपल्या मित्रांच्या घोळक्यात राहूनच वेगळा राहू देण्याची परवानगी मागत होता. त्याच्या स्वतःच्या बँडमधले सगळे हे पाळत होते असेही नाही. दुसऱ्यांनी त्या गाण्याची दीक्षा केली तेव्हा काही ठिकाणी कार्यक्रमात दारू पिणाऱ्यांना मारहाण होऊ लागली. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत १९९०च्या दशकात हा प्रकार इतका वाढला की पोलिसांनी स्ट्रेट एजवाल्यांना टोळी म्हणून नोंदवले. ज्या फुलीने मुलांना दार उघडून दिले तिनेच इथे दार लावून घेतले, याचे मला फार वाईट वाटते. मकायने आपण कोणत्याही चळवळीचे प्रवर्तक नसल्याचे वारंवार सांगितले आहे.

ढोलकीवाला

मग रीत कोणी पुढे नेली तेही सांगा. नुसते ‘दूरवर पोहोचली’ म्हणून चालणार नाही.

तबकडी

सांगतो. पहिली पायरी बँड मध्यंतरी थांबला होता तेव्हाच पडली होती. जानेवारी १९८२मध्ये डिस्कॉर्डने ‘फ्लेक्स युवर हेड’ या नावाने ११ बँडची ३२ गाणी एकत्र प्रकाशित केली. स्वतःच्या बँडचे बस्तान बसलेले नसताना शेजारच्या दहांना तबकडीवर जागा देणे, हे त्या संस्थेचे वळण पहिल्यापासून होते. डिस्कॉर्ड फक्त वॉशिंग्टन परिसरातल्या बँडचे काम प्रकाशित करते. बँडशी लेखी करार करत नाही. खर्च वजा जाता उरलेला नफा बँड आणि संस्था वाटून घेतात. तबकडीवर टपालाने मागवण्याची किंमत छापलेली असे, त्यामुळे दुकानदाराने भाव फुगवला तर गिऱ्हाइकाला लगेच कळे. एक १८ वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर हे चालवू शकतो, हे पाहून इतर शहरांतल्या मुलांना धीर आला.

१९८५च्या उन्हाळ्यात शहरातल्या मारामाऱ्यांना कंटाळलेल्या या मंडळींनी नवे बँड काढले. त्याला तिथे ‘रेव्होल्यूशन समर’ म्हणतात. राइट्स ऑफ स्प्रिंग आणि मकायचा एम्ब्रेस हे त्यातले दोन, आणि पुढे ज्या भावनाप्रधान पंकला इमो म्हटले गेले त्याची मुळे तिथे शोधतात. बेकरने त्याच वर्षी डॅग नॅस्टी काढला. १९९४पासून तो बॅड रिलिजन या बँडमध्ये वाजवतो. मग मकाय आणि राइट्स ऑफ स्प्रिंगचा गी पिचिओटो हे फुगाझी या बँडमध्ये एकत्र आले, ज्याचा पहिला कार्यक्रम सप्टेंबर १९८७मध्ये झाला. फुगाझीने रीतीची खरी परीक्षा दिली असे मी मानतो. हजारो लोक येऊ लागले तरी त्यांनी तिकीट शक्यतो ५ डॉलरच ठेवले, सर्व वयांना प्रवेश ठेवला आणि बँडच्या नावाचे टी-शर्ट विकले नाहीत. गर्दीत कोणी दुसऱ्याला इजा करत असेल तर गाणे थांबवून त्याला समज देत आणि ऐकले नाही तर तिकिटाचे पैसे परत देऊन बाहेर पाठवत. २०११पासून त्यांच्या ८००हून अधिक कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे डिस्कॉर्डने टप्प्याटप्प्याने श्रोत्यांसाठी खुली केली.

गाण्यांचा प्रवासही झालाच. रेज अगेन्स्ट द मशीन या बँडने २०००मध्ये ‘इन माय आइज’ ध्वनिमुद्रित केले. व्हर्जिनियात वाढलेला डेव्ह ग्रोल निर्वाणा या बँडमध्ये जाण्याआधी डिस्कॉर्डच्याच स्क्रीम या बँडचा ड्रमवादक होता.

उंबरठा

टी-शर्टचा विषय निघालाच आहे, तर विचारते. मायनर थ्रेटच्या चित्राचे टी-शर्ट मी मोठ्या दुकानांत पाहिले आहेत. ते कसे?

तबकडी

दोन वेगवेगळ्या घटना आहेत. २००५मध्ये नाइकीच्या स्केटबोर्ड विभागाने एका दौऱ्याच्या जाहिरातीसाठी पहिल्या तबकडीच्या मुखपृष्ठाची हुबेहूब नक्कल केली. मूळ छायाचित्रात मकायचा धाकटा भाऊ अॅलेक गुडघ्यांवर हात ठेवून, त्यांत डोके खुपसून पायऱ्यांवर बसला आहे. जाहिरातीत तसाच मुलगा त्या कंपनीचे बूट घालून बसला होता आणि ‘मायनर’च्या जागी ‘मेजर’ लिहिले होते. परवानगी घेतलेली नव्हती. डिस्कॉर्डने जाहीर नापसंती व्यक्त केली, चाहत्यांनीही निषेध केला, आणि कंपनीने माफी मागून ते फलक मागे घेतले.

दुसरी घटना २०१३ची. अर्बन आउटफिटर्सच्या दुकानांत बँडचे २८ डॉलरचे टी-शर्ट दिसले तेव्हा चाहते संतापले. त्यावर मकायचे स्पष्टीकरण असे होते की ते अधिकृत आहेत. चोरून छापणाऱ्यांचा पाठलाग करण्यात आयुष्य घालवण्यापेक्षा एका टी-शर्ट कंपनीला ते काम सोपवले आणि त्या कंपनीने ते त्या दुकानांना विकले. एवढी किंमत त्यालाही अवाजवी वाटली. हे वाचून मलाही तेव्हा वाईट वाटले होते, आणि आजही त्याचा निर्णय मला पूर्णपणे पटलेला नाही. ज्याने तबकडीवर किंमत छापली त्याने टी-शर्टवरही छापायला हवी होती. मात्र संगीत त्याने सोडलेले नाही. त्या २६ गाण्यांची मालकी आणि किंमत आजही डिस्कॉर्डच्या हाती आहे.

पोटोमॅककाठी

काल रात्री जेवणानंतर मुलीला फोन लावला आणि ‘आउट ऑफ स्टेप’ ऐकव म्हणाले. ती आता दुसऱ्या राज्यात नोकरी करते. तिने दोन्ही ध्वनिमुद्रणे ऐकवली, आधी १९८१चे आणि मग १९८३चे. पहिल्यात मला एक शब्दही कळला नाही. दुसऱ्यात गोंधळ एकदम खाली उतरतो आणि तो मुलगा आपल्याशी बोलावे तसा बोलतो, ते मात्र सगळे कळले. मी तिला ते बोलणे पुन्हा लावायला सांगितले. मग तिने विचारले की त्या रात्री दारात तू एवढी घाबरली होतीस ते कशाला, आणि आम्ही बराच वेळ बोलत बसलो.

तबकडी

दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकण्याचा तुमच्या मुलीचा क्रम योग्य आहे. ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे त्यांनी त्यानंतर लगेच ‘सॅलड डेज’ ऐकावे. त्यात सुरुवातीला एकटा बास बराच वेळ चालतो, घंटांचा आवाज आहे, अकूस्टिक गिटारही आहे, आणि ही मुले वेगाच्या पलीकडे कुठे निघाली होती ते स्पष्ट ऐकू येते.